भाता उघडला की

एक्स-रेच्या काळ्या फिल्मवर मनगटाचं हाड ओल्या खडूसारखं दिसत होतं आणि त्यात एक बारीक चीर.

कडक भाकरी थापताना अंबुबाई कुणाशी बोलत नाही. बोललं की भाकरी एका अंगाला जाड होते, असं तिचं म्हणणं.

नव्या पेठेत ब्लाउजपीसच्या दुकानासमोर गिऱ्हाईक दिसलं म्हणून एका रिक्षावाल्यानं रिक्षा एकदम वळवली.

नुसते ओठ हलवले तरी लांबून ते गाण्यासारखंच दिसतं.

समूहगान स्पर्धेचा नियम: पेटीवर एकच वादक बसेल.

"बिरोबा, बाईंचं हाड एवढ्यात जुळू देऊ नको."

मंगळवेढ्याहून येणाऱ्या एसटीत त्या मुलीला खिडकीची जागा मिळाली होती, तरी ती बाहेर बघत नव्हती. मांडीवरच्या पिशवीत नवा गणवेश होता आणि पिशवी तिनं दोन्ही हातांनी आवळून धरली होती.

हे तुकडे. आता जोडू.

(श्वास)

एसटीतली मुलगी म्हणजे सुकन्या. सातवीतली. घरी मेंढरं. पाऊस संपला की घरची माणसं कळपामागं बाहेर पडतात आणि पोरांची शाळा सुटते, म्हणून यंदा जूनमध्येच तिला सोलापुरात आत्याकडं आणून ठेवलं. आत्या म्हणजे अंबुबाई. ती दुकानांना कडक भाकरी पुरवते, दिवसभर तव्यापुढं असते आणि संध्याकाळी सुकन्याला समोर बसवून शाळेत काय झालं ते विचारते.

पहिल्या गुरुवारी जे झालं ते सुकन्यानं आत्याला सांगितलं नाही.

संगीताचा तास होता. मालतीबाई स्वतःची पेटी घरून घेऊन आल्या होत्या. एकेकानं उभं राहायचं, पेटीबरोबर 'सा' लावायचा. भार्गवीनं असा लावला की बाई मान डोलवत राहिल्या. हृषीकेशचा मध्येच फाटला आणि तो स्वतःच हसला. मग सुकन्या उठली. बाई म्हणाल्या, लाजू नकोस, आवाज मोकळा सोड.

तिनं सोडला.

मोकळा सोडायचा म्हणजे तिला एकच रीत माहीत होती, माळावरची. आवाज भिंतीवर आपटून परत आला. खिडकीतलं कबुतर उडालं. शेजारच्या वर्गातले विज्ञानाचे सर दारात येऊन बघून गेले. आणि त्या शांततेत हृषीकेश म्हणाला, "कुणाची शेळी हरवली बे?"

त्याला काहीच माहीत नव्हतं. तिच्या घरी खरंच शेळ्या-मेंढ्या असतात, हरवल्या की तिनंच हाका मारायच्या असतात, यातलं काही त्याच्या कानावर आलेलं नव्हतं. अंदाजे फेकलेला दगड बरोबर लागावा तसं झालं. वर्ग हसला. बाईसुद्धा हसल्या, अगदी थोडंसं, तोंडावर हात ठेवून.

सुकन्याला पुढं आठवत राहिला तो तो हात.

त्यानंतर ती रांगेच्या टोकाला उभी राहायची आणि ओठ हलवायची.

(श्वास)

रिक्षा वळली तेव्हा तिच्या मागं स्कूटरवर मालतीबाई होत्या. डावं मनगट. प्लास्टर. दीड महिना.

पुढच्या गुरुवारी बाई गळ्यात पट्टा अडकवून, त्यात हात ठेवून वर्गावर आल्या. पेटी शिपाई घेऊन आला. बाई बसल्या, उजवा हात पेटीच्या पट्ट्यांवर ठेवला आणि मग त्यांच्या लक्षात आलं.

पेटीला मागच्या बाजूला भाता असतो, पुस्तकासारखा उघडमीट करणारा. उजव्या हातानं पट्ट्या दाबायच्या, डाव्यानं भाता मारायचा. हवा नाही तर सूर नाही.

कुणीतरी भाता मारायला या, असं म्हणायचा अवकाश, सगळ्या वर्गाचे हात वर. बाई एकेकाला बघून बाजूला काढत गेल्या. भार्गवी नको, तिनं गायलाच पाहिजे. हृषीकेश नको, तो पेटीत पेन्सिल घालेल. बाईंना असं कुणीतरी हवं होतं की जे रांगेतून उठलं तरी गाण्यातून काही कमी होणार नाही. त्यांची नजर रांगेच्या टोकाला आली. बाईंना का ते माहीत होतं आणि सुकन्यालाही का ते माहीत होतं.

ती उठून पेटीपाशी जाऊन बसली.

भात्याला दोन कड्या असतात, त्या आधी काढायच्या असतात. हे तिला कुणी सांगितलं नाही. तिनं भाता धरून जोरात ओढला आणि भात्याऐवजी सगळी पेटीच तिच्याकडं आली, बाईंच्या मांडीवरून घसरत, पट्ट्या, बाईंचा पदर, सगळं घेऊन. वर्ग हसला. या वेळी सुकन्याही हसली, कारण बाई ओरडल्या नाहीत, पदर सोडवत बसल्या. मग कड्या निघाल्या. मग तिनं भाता पूर्ण उघडून दणकन मिटला आणि पेटी किंचाळली.

"हळू गं," बाई म्हणाल्या. "चूल नाही फुंकायची आपल्याला."

(श्वास)

आता नीट बघा, कारण पुढचं सगळं यावर आहे.

पेटी शिकलेला माणूस भाता पूर्ण उघडत नाही. बोटांनी बारीक बारीक मारत राहतो. भाता हलतोय हे समोरच्याला कळतही नाही. सुकन्याला ते माहीत नव्हतं. तिनं स्वतःची रीत बसवली. ओळ सुरू व्हायच्या आधी भाता छत्रीसारखा उघडायचा, भरपूर हवा घ्यायची आणि ओळ संपेपर्यंत एका लयीत दाबत आणायचा. एका ओळीला एक भाता. बाईंना हे खटकलं, पण त्यांचा हात गळ्यात बांधलेला होता आणि सूर तर तुटत नव्हता.

गाणं बाईंनीच लिहिलं होतं, स्पर्धेसाठी:

माळामागं माळ, माळामागं माळ,
पलीकडं उगवतंय गाव नवं.

'पलीकडं' आलं की सुकन्याचा हात आपोआप जास्त दाबायचा. पेटीचा आवाज तिथं फुगायचा. एकदा फुगला, दोनदा फुगला, तिसऱ्यांदा मुलांचे आवाजही तिथं फुगले. बाईंनी तोंड उघडलं, रागवायला म्हणून, आणि परत मिटलं. छान लागत होतं ते.

आणखी एक गोष्ट होत होती, ती कुणी ठरवली नव्हती. मुलं पेटीकडं तोंड करून उभी असायची. त्यांच्या डोळ्यांसमोर भाता उघडायचा. भाता उघडला की त्यांच्याही छात्या उघडायच्या. भाता मिटत आला की त्यांचाही श्वास संपत यायचा, बरोबर ओळीच्या टोकाला. सगळा वर्ग एका माणसासारखा श्वास घ्यायला लागला होता आणि वर्गाला त्याचा पत्ता नव्हता.

(श्वास)

तिला नाव पडलं. भातेवाली.

हे नाव हृषीकेशनंच पाडलं, आणि पहिल्या दिवशी तिला ते टोचलं, दुसऱ्या दिवशी कमी टोचलं, आणि नंतरच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत मागून "ए भातेवाली, थांब की" असं ऐकू आलं तेव्हा ती थांबली. त्याला तिच्या डब्यातली कडक भाकरी हवी होती. मग रोजच हवी असायची. भार्गवीला शेंगाचटणी. अंबुबाई डब्यात भाकरी जास्त घालायला लागली, विचारायचं नाव नाही, नुसतं एकदा म्हणाली, "पोरीची भूक वाढली बगा सोलापुरात."

गुरुवारी सुकन्या लवकर जायची. पेटी पुसायची. कड्या काढून ठेवायची. बाई आल्या की दोघी समोरासमोर बसायच्या, बाईंचा उजवा हात आणि तिचा डावा, आणि मधे पेटी, जणू एकाच वादकाचे दोन अर्धे. बाई डोळ्यांनी खूण करायच्या: आता. ती भाता उघडायची. चाळीस पोरं श्वास घ्यायची.

गाण्यात ती होती आणि तिचा आवाज नव्हता. याहून चांगलं काही असू शकतं असं तिला वाटत नव्हतं.

फक्त प्लास्टर. ते दर आठवड्याला मळत चाललं होतं. वर्गातल्या पोरांनी त्यावर स्केचपेननं नावं लिहिली होती, ती पुसट व्हायला लागली होती. जुनं होत चाललं होतं ते. प्लास्टर निघालं की बाईंना दोन हात, आणि बाईंना दोन हात झाले की सुकन्या परत रांगेच्या टोकाला, ओठ हलवत.

रात्री अंथरुणावर ती बिरोबाला म्हणायची, हाड एवढ्यात जुळू देऊ नको. म्हटल्यावर लगेच तिला वाईट वाटायचं, कारण बाई पिशवी उचलताना ओठ चावायच्या हे तिनं पाहिलं होतं. मग ती दुरुस्ती करायची. जुळू दे. पण सावकाश.

बिरोबानं दुरुस्तीतलं पहिलंच तेवढं ऐकलं. जुळू दे.

(श्वास)

स्पर्धा चार दिवसांवर आली होती. बाई वर्गात आल्या त्या डावा हात वर करून, हात केवढा पांढरा आणि बारीक झालाय ते दाखवत. वर्गानं टाळ्या वाजवल्या. सुकन्यानंही वाजवल्या, सगळ्यांच्या नंतर.

बाईंना वाटलं तिला आनंद होईल. त्या म्हणाल्या, सुकन्या, आता तुला सुट्टी, जा, रांगेत उभी राहून गा.

ती टोकाला गेली.

बाई बसल्या. डाव्या हाताची बोटं भात्यावर गेली आणि सवयीनं, बारीक बारीक, सुंदर चालायला लागली. पेटी आता तुपासारखी वाजत होती. बाईंनी मान हलवली: आता.

माळामागं मा

ळामागं माळ पली

(श्वास) (श्वास) कडं उग

(श्वास)

वतंय

बाईंनी हात उचलला. परत सुरू केलं. परत तेच. कुणी शब्दाच्या मधे श्वास घेत होतं, कुणी ओळ सोडून देत होतं, भार्गवीचा चेहरा लाल झाला होता. बाईंना वाटलं पोरं घाबरली. त्यांनी पाणी प्यायला पाठवलं. पाणी पिऊन आली आणि तसंच गायली. चार दिवस राहिले होते. मग त्यांनी विचारलं की होतंय तरी काय तुम्हाला.

"बाई," हृषीकेश म्हणाला, "भाता उघडतच नाही की."

"म्हणजे?"

"तुम्ही मारताय, पण तो उघडत नाही."

बाईंना कळलं नाही. मग भार्गवीनं सांगितलं. भाता उघडला की आम्ही श्वास घेतो.

"हे मी कधी शिकवलं तुम्हाला?"

"तुम्ही नाही," भार्गवी म्हणाली, आणि तिनं मान वळवली, आणि तिच्या मागोमाग सगळ्यांनी, एकेक करत, रांगेच्या टोकाकडं.

सुकन्या जमिनीकडं बघत होती. तिला पुन्हा ते हसू ऐकू येईल असं वाटलं. आलं नाही.

(श्वास)

तिलाच बसवा पेटीवर, असा गलका झाला. बाईंनी नियम वाचून दाखवला: पेटीवर एकच वादक. मग बाईंनी स्वतः तसा मोठा भाता उघडून बघितला. दोन ओळी जमल्या, तिसरीला मनगट दुखलं, चौथीला बोटं परत जुन्या सवयीवर गेली.

हृषीकेश म्हणाला, "भाता नसला म्हणून काय झालं, भातेवाली आहे की. तिला पुढं उभी करा. तिनं श्वास घ्यायचा, आम्ही बघतो."

एवढा सरळ विचार त्याच्या डोक्यातून निघाला याचं वर्गाला जरा आश्चर्यच वाटलं.

सुकन्या म्हणाली, "मी न्हाय गाणार."

"अगं गा म्हणतंय कोण? नुसता श्वास घे."

हे तिला जमण्यासारखं होतं. हे तर भात्यासारखंच होतं, हाताऐवजी खांदे. ती पुढच्या रांगेत मधोमध येऊन उभी राहिली, सगळ्यांना दिसेल अशी. बाईंनी सूर दिला. तिनं खांदे वर घेतले, छाती भरली, आणि मागं चाळीस छात्या भरल्या. ओळ सलग गेली. दुसरीही गेली. सुकन्या ओठ हलवत, आवाज न करता, आत घेतलेली हवा बाहेर सोडत होती.

गाणं उभं राहिलं. फक्त 'पलीकडं'ला ते फुगत नव्हतं. तिथं काही घडायचं थांबलं होतं. मुलांना कळलं नाही. बाईंना कळलं.

तास संपल्यावर बाईंनी सुकन्याला थांबवलं. पेटीच्या कड्या लावता लावता, तिच्याकडं न बघता त्या म्हणाल्या, "श्वास घेतेस तेवढा पुरे आहे मला. तो सोडायचा कसा, ते तुझं तू बघ."

संध्याकाळी आत्यानं विचारलं, शाळेत काय झालं. सुकन्यानं या वेळी सगळं सांगितलं, पहिल्या गुरुवारापासून. अंबुबाई भाकरी थापत होती आणि तरीही बोलली. म्हणाली, "हसली तर हसली. तू किती दीस तोंड मिटून बसनार?" ती भाकरी एका अंगाला जाड झाली. दोघींनी ती घरीच खाल्ली.

(श्वास)

सभागृह मोठं होतं, वर्गापेक्षा किती तरी मोठं, आणि पंखे घरघरत होते, आणि आधीच्या शाळेचं गाणं एवढं चांगलं झालं होतं की भार्गवी म्हणाली मला उलटी होईल, आणि हृषीकेश म्हणाला होऊ दे पण 'पलीकडं'च्या आधी होऊ दे, आणि सगळे हसले आणि हसतानाच त्यांचा नंबर पुकारला, आणि चपला बाजूला, आणि लाकडी पायऱ्या, आणि ही एवढी माणसं, आणि बाईंची बोटं भात्यावर, न दिसणारी, आणि सूर

(श्वास)

आणि तो श्वास सुकन्याचा होता, आणि मागचा प्रत्येक जण तिच्या पाठीकडं बघत होता, दोन वेण्यांच्या मधे, जिथं गणवेश वर उचलला जातो, आणि माळामागं माळ सलग गेली, आणि ती ओठ हलवत होती, आणि पहिलं कडवं संपलं, कुणाला धाप लागली नाही, कुणी तुटलं नाही, आणि दुसरं कडवं आणि परत तीच ओळ येणार होती

(श्वास)

आणि हा श्वास मोठा होता, सभागृह मोठं होतं म्हणून असेल, किंवा शेवटच्या रांगेत आत्या उभी राहून बघत होती म्हणून असेल, वर्गात घ्यायची त्याहून कितीतरी जास्त हवा तिच्या आत गेली, खांदे कानाला लागले, आणि एवढी हवा ओठांच्या फटीतून गुपचूप सोडता येत नाही, तिला ते कळलं तेव्हा माळ संपत आला होता आणि हवा अजून बरीच शिल्लक होती आणि पुढं एकच शब्द होता

पलीकडं

असा की पहिल्या रांगेतल्या परीक्षकाचा पेन थांबला. तो आवाज रुंद होता, खडबडीत होता, भिंतीपर्यंत गेला आणि यावेळी परत आला नाही, कारण त्याच्या मागं हृषीकेशचा गेला, फाटका, पूर्ण ताकदीनं, आणि भार्गवीचा, आणि मग सगळ्यांचा, ओळ फुगली, वर्गात पेटी फुगवायची त्याहून जास्त फुगली, आणि बाई भाता मारायचा विसरल्या. एक क्षण पेटी बंद होती. कुणालाच कळलं नाही. गाव नवं उगवलं ते बिनपेटीचं.

मग बाईंच्या बोटांना जाग आली.

(श्वास)

तिसऱ्या कडव्याला सुकन्या पहिल्या शब्दापासून गायली.

(श्वास)

नंबर आला नाही. परीक्षक म्हणाले की आवाजांचा समतोल साधलेला नाही, एक आवाज फार वर येतो. बाईंनी ते ऐकून घेतलं आणि बाहेर येऊन मुलांना सांगितलं नाही. भेळ खायला नेलं.

भेळेच्या गाड्यावर सगळे एकदम बोलत होते आणि कुणीच ऐकत नव्हतं. बाई दोन्ही हातांनी पुड्या वाटत होत्या. भार्गवीनं सुकन्याला विचारलं की पुढच्या गाण्यात तू माझ्याशेजारी उभी राहशील का, म्हणजे मला श्वास नीट दिसेल. सुकन्या म्हणाली, व्हय. अंबुबाईनं गाडीवाल्याला सांगून तिच्या पुडीत कांदा जास्त घालून घेतला.

हृषीकेश तोंडात भेळ कोंबून म्हणाला, "का बे भातेवाली, एवढा आवाज कुठं ठेवला होतास?"

"हितंच होता की," सुकन्या म्हणाली, आणि त्याच्या पुडीतली शेव उचलली.

मागच्या वर्षीपर्यंत या शाळेत संगीताचा तास नव्हता. आता तो भरतो त्या खोलीत तेव्हा मोडके बाक ठेवायचे.